डोंगरगाडीच्या ब्रेकवर

सिडसेलला करमणुकीच्या बागेत कामाला लागून नऊ आठवडे झाले होते आणि ब्रेकच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. पहिल्यांदा रुळांच्या तिसऱ्या टेकाडावरून गाडी इतकी सुसाट गेली की फलाटावरचा तांबडा दिवा पेटला. दुसऱ्यांदा दिवा पेटला नाही, पण गाडी फलाटाची पांढरी रेघ ओलांडून हातभर पुढे गेली आणि पहिल्या डब्यातल्या बाईंना उतरायला पायाखाली फलाटच उरला नाही. बागेचा नियम असा, की परीक्षा तीनदाच. तिसऱ्यांदाही जमलं नाही तर माणूस सोमवारपासून ससाण्याच्या बटणावर बसतो.

ससाणा म्हणजे शेजारचा पोलादी रोलर कोस्टर. उंच, निळा, दोनदा उलटा होणारा. त्याची चाकं रुळाला वरून, बाजूने आणि खालूनही धरून असतात, त्यामुळे गाडी कितीही पळाली तरी रूळ सोडू शकत नाही. बटण दाबायचं, एक मिनिट आठ सेकंदांनी गाडी परत. डोंगरगाडीचं तसं नाही. ती नव्वद वर्षांपूर्वी सुतारांनी लाकडात बांधलेली, आणि तिला रुळावर धरून ठेवतं ते फक्त तिचं वजन. टेकाडावरून जास्त वेगाने गेली तर उडेल. म्हणून गाडीच्या मधोमध, दोन डब्यांच्या बेचक्यात एक माणूस बसतो आणि लोखंडी दांडा ओढून तिला आवरतो.

भौतिकशास्त्राची पदवी हातात पडल्यावर सिडसेल उन्हाळ्यापुरती इथे आली ती खरं तर ससाण्यासाठीच. पण पहिल्याच आठवड्यात सवयीने तिने एक मोजणी केली. ससाण्यावरून उतरलेल्या शंभरांपैकी अकरा जण लगेच पुन्हा रांगेत उभे राहत होते. डोंगरगाडीवरून उतरलेल्या शंभरांपैकी चौतीस. ससाणा दुप्पट उंच, दुप्पट वेगवान. मग हे चौतीस कशाला परत येतात? तो आकडा डोक्यातून जाईना, आणि तिने स्वतःहून डोंगरगाडीवर बदली मागितली. आता तिला त्या बेचक्यातल्या जागेखेरीज कुठलीच जागा नको होती.

रविवारी सकाळी ससाण्याचा चालक व्हिलाड्स कॉफीचे दोन पेले घेऊन आला.

"काय गं, आज शेवटचा दिवस ना इकडचा? तुझी खुर्ची पुसून ठेवलीय. गादी आहे हो आमच्याकडे. तुमच्यासारखी फळी नाही."

"तूच बस गादीवर. अंडी उबव."

"आणि हे मनगटाला काय बांधलंयस?"

"तक्ता. पाऊस, तापमान, प्रवाशांचं अंदाजे वजन. त्यावरून कुठल्या टेकाडावर दांडा किती जोराने ओढायचा ते काढलंय."

"व्हर्नरला दाखवलास?"

"दाखवला."

"काय म्हणाला?"

"अक्षर छान आहे म्हणाला."

व्हिलाड्सला कॉफीचा ठसका लागला.

व्हर्नर बासष्ट वर्षांचा, त्यातले चाळीस उन्हाळे ब्रेकवर गेलेले. परीक्षा तोच घेई. सिडसेलच्या पाठीमागच्या बाकावर गुडघ्यांत थर्मास धरून बसायचा आणि फेरी चालू असताना तोंड उघडायचं नाही, ही त्याची पद्धत. एकूण पाच फेऱ्या.

तोंड न उघडण्याची कसर तिच्या पुढच्या बाकावर भरून निघत होती. तिथे गुडरुन बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर, गळ्यात वर्षाचा पास, डोक्याला हिरवा रुमाल.

"पोरी, आज घाबरायचं नाही हं," ती मान वळवून म्हणाली. "आणि तिसऱ्या टेकाडावर मला जरा उचल. मागच्या वेळी बसमध्ये बसल्यासारखं वाटलं."

"गुडरुन, माझी परीक्षा आहे गं."

"मग काय झालं? मी पासावर आहे."

सकाळभर भुरभुर पाऊस पडून गेला होता. लाकडी रूळ ओले, आणि ओल्या रुळावर ब्रेक घसरतो. तक्ता सांगत होता, जोर लावून ओढ. सिडसेलने जोर लावून ओढला. पहिली फेरी नीट झाली. दुसरीही. गाडी दोन्ही वेळा पांढऱ्या रेघेच्या आत थांबली आणि तांबडा दिवा गप्प राहिला. गुडरुन तेवढी "बसच ही, अगदी बस," असं पुटपुटत पुन्हा रांगेत गेली.

तिसऱ्या फेरीला स्काउटची सतरा पोरं चढली. सगळी मिळून एखाद्या सोफ्याइतकी जड. सिडसेलने वजनाचा रकाना बदलला. पावसाचा तसाच ठेवला, कारण पाऊस थांबून वीसच मिनिटं झाली होती. त्या वीस मिनिटांत ऊन कडक पडलं होतं, हे तिला दिसत होतं. पण तक्त्यात उन्हाला रकाना नव्हता.

दुसऱ्या टेकाडाच्या उतारावर तिने दांडा ओढला आणि ब्रेकने कोरड्या लाकडाला कचकन चावा घेतला. तिने लगेच सोडला, पण गाडीचा जीव गेला होता. ती तिसऱ्या टेकाडावर अर्ध्यापर्यंत चढली, क्षणभर विचार केला, आणि मागे मागे येत खळग्यात जाऊन बसली. दोनदा डुलली. थांबली.

कडेच्या झाडांत एक पक्षी ओरडला.

"बंद पडली?" एका स्काउटने विचारलं.

"बसली," व्हर्नर म्हणाला.

"आम्ही उतरून ढकलू?"

"कोणीही उतरायचं नाही," सिडसेल म्हणाली. तिचा आवाज तिलाच दुसऱ्या कोणाचा तरी वाटला.

तेवढ्यात ससाण्याच्या फलाटावरचा कर्णा खरखरला. "डोंगरगाडीच्या प्रवाशांनो," व्हिलाड्स म्हणत होता, "आपला मुक्काम सुखाचा होवो. न्याहारी आठ वाजता मिळेल." रांगेतले लोक हसले, टाळ्या वाजल्या. पोरांनी गाणं सुरू केलं. मेकॅनिक दोर घेऊन येईपर्यंत आणि गाडी टेकाडावर ओढून नेईपर्यंत चौदा मिनिटं गेली. त्या चौदा मिनिटांत एकाही पोराने तक्रार केली नाही. उलट उतरताना एकजण तिला म्हणाला, "पुढच्या फेरीत पण अडकवशील का?"

सिडसेल बेचक्यातून उतरली आणि हातमोजे काढायला लागली.

"कुठे निघालीस?" व्हर्नरने विचारलं.

"झालं ना. नापास."

"दिवा पेटला?"

"नाही."

"रेघ ओलांडलीस?"

"रेघेपर्यंत आलेच कुठे? दोराने आणली मला."

"नापास या दोनच गोष्टींनी होतं. गाडी खळग्यात बसवली तर केक आणायचा. सगळ्यांसाठी, उद्या, आणि विकतचा नाही." त्याने थर्मासचं झाकण घट्ट केलं. "मी पहिल्या वर्षी सहा आणले. केक शिकायला गेलो त्या बेकरीतच बायकोशी ओळख झाली. दोन फेऱ्या बाकी आहेत."

"आणि पुन्हा बसवली तर?"

"एका दिवसात दोन केक कोणी खात नाही, सिडसेल."

म्हणजे पुन्हा बसवली तर नापास, हे तिला कळलं. आता कमी ओढावं तर दिवा, जास्त ओढावं तर खळगा. तिने तक्त्याकडे पाहिलं. उन्हाचा रकाना आखून काय उपयोग होता? तिसऱ्या टेकाडाची एक बाजू उन्हात होती, दुसरी झाडांच्या सावलीत. एकाच उताराला दोन उत्तरं, आणि अर्ध्या तासाने तीही वेगळी. तिने तक्ता सोडून खिशात टाकला.

चौथ्या फेरीत तिने दांडा नुसता टेकवला आणि वाट पाहिली. ब्रेक कोरड्या लाकडावर आला की दांडा तळहातात बारीक थरथरे. ओल्यावर तो मुका होई. नऊ आठवडे ही थरथर हातात होतीच, पण आजवर तिला ती त्रासाची वाटत आली होती, हातमोजा जाड घ्यायला हवा अशी. आता ती थरथर आली की तिने सैल सोडलं, गेली की ओढलं. गाडी आली. रेघेच्या जरा फारच आत थांबली, पण थांबली.

पाचव्या फेरीला रोस्किल्ड गावच्या वल्हेकऱ्यांची अख्खी टोळी चढली. आठ दांडगे गडी, सोबत तितकेच दांडगे आठ मित्र, सगळ्यांच्या तोंडाला सॉसेजचा आणि बिअरचा वास. पुढच्या बाकावर अर्थातच गुडरुन.

"आता वजन आहे," गुडरुन समाधानाने म्हणाली.

पहिलं टेकाड. दुसरं. इतकं वजन घेऊन गाडी अशी सुटली की लाकडाचा सगळा सांगाडा खालून कुरकुरत तिच्याबरोबर पळाला. सिडसेलने दांडा टेकवला. थरथर. थोडं ओढलं. वल्हेकरी ओरडायला लागले, "सोड! सोड!" तिसरा चढ उन्हात होता; तिथे ब्रेकने चांगला धरला, आणि तिची भीती म्हणाली, धरून ठेव. पण वेग उतरताना तळहाताला कळत होता. अजून एवढंच धरलं तर हा माथा गाठणार नाही. तिने दांडा सोडून दिला. पूर्ण.

गाडी माथ्यावर चढली, आणि माथ्यावर अर्धा क्षण कोणाचंच वजन उरलं नाही. गुडरुनचा हिरवा रुमाल उठला, गुडरुन उठली, सोळा दांडगे गडी फळीवरून दोन बोटं वर आले, आणि सिडसेलही आली. रुळाने काहीच धरलं नव्हतं. धरणारी तीच होती, आणि तिने सोडलं होतं. मग उतार, सावली, दांडा मुका. तिने दोन्ही हातांनी ओढला.

फलाट आला. गाडी पांढऱ्या रेघेच्या वीतभर अलीकडे थांबली. तिने मान वर करून दिव्याकडे पाहिलं. काच काळी होती.

"याला म्हणतात उचलणं," गुडरुन म्हणाली आणि रांगेकडे पळत सुटली. वल्हेकरीही तिच्या मागे.

व्हर्नर खाली उतरला, कागद गाडीच्या बाजूला टेकवून सही केली आणि विचारलं, "तिसऱ्यावर किती जोराने ओढलास?"

सिडसेलने रिकाम्या मनगटाकडे पाहिलं. "माहीत नाही," ती म्हणाली. मग तिचे डोळे चमकले. "पण दांड्याच्या मुठीत छोटा सेन्सर बसवला तर थरथर मोजता येईल. दर फेरीची. व्हर्नर, एका उन्हाळ्यात नऊ हजार फेऱ्यांची नोंद होईल!"

"बसव की. मलाही बघायचीय." त्याने फाटक उघडलं. "आधी ही माणसं बसव."

ती पुन्हा बेचक्यात चढली. "टोप्या मांडीवर घ्या," तिने ओरडून सांगितलं, "आणि हात आत!"