एक वर, एक गाडीत

माझ्या सासूबाई वृद्धाश्रमात राहतात आणि त्यांना तिथे आम्ही ठेवलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण पाठ वळली की सगळ्यांना सून आठवते. सुनेला नको असतील, सुनेनं छळलं असेल. सुनेवर खापर फोडलं की कुणाला पुढचा विचार करावा लागत नाही. खरं कारण सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. खुद्द सासूबाईंचाही बसला नाही.

खरं कारण म्हणजे पार्किंग. हसू नका.

आई, म्हणजे सासूबाई, बाथरूममध्ये पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा त्या आपल्या जुन्या दोन खोल्यांत एकट्याच राहायच्या. ऑपरेशन झालं शहराच्या ऐन मध्यावरच्या मोठ्या हॉस्पिटलात. डॉक्टर चांगले, नर्स चांगल्या, चादरी रोज बदलायचे. पहिल्या दिवशी आम्ही समोरच्या पार्किंगच्या इमारतीत गाडी घातली. निघताना मशीनवर आकडा उमटला. माझे धाकटे दीर तो बघत राहिले आणि ह्यांना म्हणाले, "दादा, पार्किंगवाल्यांना वाटतंय आपण गाडी विकत घेतोय."

आमची गाडी तशीच, एक दार आतून उघडावं लागतं अशी. तिला उभी करायला एवढे पैसे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तासाभराच्या पैशांत आमच्या घरची आठवड्याची भाजी आली असती. आईंना तर महिना-दीड महिना तिथेच राहायचं होतं, आणि हॉस्पिटलचं बिल वेगळंच होतं. लांबच्या फुकट रस्त्यावर गाडी लावून चालत यावं, तर भेटीची वेळ संपायची. बसने येणंही जमण्यासारखं नव्हतं. दोघे भाऊ शहराबाहेर काचेच्या कारखान्यात एकाच पाळीला काम करतात. पाळी सुटते आणि इकडे भेटीची वेळ सुरू होते. त्यामुळे गाडी हवीच.

मग भावजींनीच तोडगा काढला. एकाने वर जायचं, दुसऱ्याने गाडी फिरवत राहायचं. अर्धी वेळ झाली की खालचा फोन करणार, वरचा उतरणार, दारातच अदलाबदल. मला गाडी चालवता येत नाही आणि जेवणाचा डबा माझ्याकडे, म्हणून मी पूर्ण वेळ वर. दारात गाडी क्षणभर जास्त थांबली तरी तिथला गणवेशवाला शिट्टी फुंकत धावत यायचा, म्हणून एक उतरेपर्यंत दुसरा स्टिअरिंगला हात लावून बसलेला असायचा. हॉस्पिटलभोवतीचे ते चार रस्ते दोघांना इतके पाठ झाले की कुठल्या दुकानाच्या शटरला नवा रंग दिलाय ते मला घरी येऊन सांगायचे.

आईंना मात्र ह्यातलं काही सांगायचं नाही, असं ठरलं होतं. कारण त्या कशा आहेत ते आम्हाला माहीत. त्यांनी उभ्या आयुष्यात रिक्षासुद्धा कधी एकटीसाठी केली नाही. भेटायला यायला इतके पैसे पडतात किंवा पोरगं रस्त्यावर गोल गोल फिरतंय हे कळलं असतं, तर "उद्यापासून येऊ नका" म्हणाल्या असत्या आणि तोंड भिंतीकडे करून झोपल्या असत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "गाडी कुठे लावलीत रे?" हे बिनदिक्कत म्हणाले, "खाली. फुकट आहे. भरपूर जागा आहे." मी शेजारी उभी होते. मलाही ते शहाणपणाचंच वाटलं.

आता वरून ते कसं दिसत होतं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आईंना काय दिसायचं? थोरला यायचा, स्टुलावर बसायचा, सारखा घड्याळाकडे बघायचा. फोन वाजला की "हो. निघतो," एवढंच तुटक बोलून उठायचा. तो गेला की थोड्या वेळाने धाकटा यायचा. दोघे कधी एका वेळी समोर नाहीत. एक गेल्याशिवाय दुसरा पाऊल टाकत नाही.

दुसऱ्या कुणाला त्याचं काही वाटलं नसतं. पण आईंचं सगळं लग्नाचं आयुष्य असल्याच अदलाबदलीत गेलेलं. माझे सासरे आणि त्यांचा भाऊ ह्यांच्यात विस्तव जात नव्हता. एकाच मजल्यावर समोरासमोर दारं, पण एक जिना उतरेपर्यंत दुसरा दाराआड थांबायचा. त्यांची म्हातारी आई सहा महिने ह्या दाराआड आणि सहा महिने त्या दाराआड. ती इकडे असली की तिकडचा मुलगा तिला भेटायला येई, पण भाऊ कुठे बाहेर गेल्यावरच. भांडण कशावरून झालं ते शेवटी दोघांनाही नीट आठवत नव्हतं म्हणे. म्हातारीची उशी ह्या घरातून त्या घरात नेण्याचं काम आईंकडे होतं. हे मला त्यांनीच सांगितलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात, कपड्यांच्या घड्या घालता घालता.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. आईंनी काही विचारलं नाही. विचारलं की चिघळतं, हा त्यांचा अनुभव. त्यांनी आपल्या परीने मलमपट्टी सुरू केली. ह्यांना म्हणायच्या, "धाकट्याचा जीव आहे हो तुझ्यावर. लहानपणी तुझ्याच ताटात जेवायचा." भावजींना म्हणायच्या, "दादा तापट आहे, पण मनात काही ठेवत नाही." खाली उतरल्यावर भावजी मला म्हणायचे, "वहिनी, आईला आज काय झालंय? दादाची जाहिरात करत होती." आम्ही सगळं औषधांवर ढकललं.

आणि हे दोघे असे, की कारखान्यात दिवसभर त्यांच्या तोंडाला विश्रांती नसते. दाराएवढी काच दोघांनी उचलायची म्हणजे पावला-पावलाला बोलावंच लागतं. हळू, पायरी आहे, डावीकडे घे, दम घे. तेच घरी येऊनही चालू असतं.

दर रविवारी दोघे आमच्या घरी खालची खोली आईंसाठी तयार करत होते. भावजींनी बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले, उंबरा तासून काढला. मी पडदे शिवले. शिवताना मला सारखं वाटत होतं की आता ह्या बाईला आयुष्यात एकदा तरी कुणीतरी आयता चहा देईल. मला सासूबाई आवडतात. ह्यात बढाई काही नाही, त्या आवडण्यासारख्याच आहेत.

घरी सोडायची तारीख ठरली आणि आईंनी ह्यांना सांगितलं, "मी तुझ्याकडे येत नाही. धाकट्याकडेही जात नाही. इथल्या समाजसेविका बाईंशी बोलणं झालंय. वृद्धाश्रमात जागा आहे, माझ्या पेन्शनमध्ये भागतं."

ह्यांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. "आई, माझं काय चुकलं?"

"कुणाचंच काही चुकलं नाही. पण मला एकाच्या घरी जायचं नाही."

"अगं, खोली तयार आहे."

"ती पोरांना दे अभ्यासाला."

ह्यांचा फोन वाजला, आणि हे "हो. निघतो," म्हणून डोळे पुसत उठले. मी खरकटा डबा हातात घेऊन तशीच उभी. त्या संध्याकाळी घरी ह्यांनी मला विचारलं, "तू काही बोललीस का तिला?" एवढ्या वर्षांच्या संसारानंतर! माझ्या पायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी आईंना व्यायामाला नेलं होतं, हेही त्यांच्याबरोबर गेले होते, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी मला जवळ बोलावलं. त्या शाळेत गणित शिकवायच्या, स्पष्टवक्त्या. "तुम्हाला राग येईल, पण सांगते," त्या म्हणाल्या. "त्या दोघांना म्हणावं, म्हातारीच्या डोळ्यांदेखत तरी भांडण मिटवा. ती रोज डोळ्यांत पाणी आणते."

"कुठलं भांडण?"

"आता मलाच विचारता? मुलं एकमेकांचं तोंड बघत नाहीत ना? एक गेल्याशिवाय दुसरा येत नाही. ती म्हणते, मी एकाच्या घरी गेले की दुसरा तुटला. माझ्या सासूचे हाल मी बघितलेत, मुलांवर ती पाळी आणायची नाही."

मला आधी काही कळेना, आणि मग एकदम सगळं कळलं. मी जिन्यावरूनच धावले. दारात अदलाबदल चालली होती, भावजी गाडीतून उतरण्याच्या बेतात होते, हे स्टिअरिंगवर बसण्याच्या बेतात. मी दोघांनाही गाडीत कोंबलं आणि म्हणाले, "समोरच्या इमारतीत घाला गाडी. किती पैसे होतील ते होऊ देत."

"वहिनी, काय झालं? आई..." भावजी पांढरे पडले.

"आई ठीक आहेत. तुम्ही दोघे मूर्ख आहात आणि मी तिसरी. चला."

लिफ्टमध्ये मी सांगितलं. भावजी एकदा हसले आणि मग हसता हसता रडायलाच लागले.

तिघे एकदम खाटेपाशी उभे राहिलो. आईंनी एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं, पण तो आणखी थकला.

ह्यांनी भडाभडा सगळं सांगितलं. पार्किंगचा दर, गाडी फिरवणं, शिट्टी, फोन. भावजी मध्ये मध्ये भर घालत होते. आईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पहिल्या दिवशी तूच सांगितलंस ना, खाली जागा फुकट आहे?" त्यांनी ह्यांना विचारलं.

"ते तुला वाईट वाटू नये म्हणून गं."

"आणि आजचं कशासाठी? तेही मला वाईट वाटू नये म्हणूनच ना?"

भावजींनी खिशातून पहिल्या दिवसाची चुरगळलेली पावती काढली. आईंनी ती डोळ्यांजवळ नेली. "गाडी नुसती उभी करायला एवढे? असं कुठे असतं का रे? खोटं बोलायचं तर जरा पटेल असं तरी बोला." त्यांनी पावती परत केली. "तुमचे वडील आणि काका त्यांच्या आईच्या शेवटच्या दुखण्यात असेच शेजारी शेजारी उभे राहिले होते. खांद्याला खांदा लावून. म्हातारी किती सुखावली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एक गेला की दुसरा."

"आई, आम्ही रोज एकत्र काम करतो!" भावजी ओरडलेच.

"तेही करायचे. एकाच कचेरीत."

मी शपथा घातल्या, खोलीचं सांगितलं, दांडे कुणी बसवले ते सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. "तू गुणाची आहेस गं," त्या मला म्हणाल्या. "सगळं सांधायला बघतेस. मीही तुझ्यासारखंच करायचे."

नंतरचे दिवस दोघे एकत्रच वर जात राहिले, पैसे भरून. उपयोग झाला नाही. जितके जास्त एकत्र दिसले तितकं त्यांना ते सोंग वाटलं. ठरल्या दिवशी त्या वृद्धाश्रमात गेल्या.

ती जागा शहराबाहेर आहे. मोठं आवार, बैठी इमारत, फाटकातून आत गेलं की वाटेल तिथे गाडी लावा, कुणी हटकत नाही. रविवारमागून रविवार आम्ही तिघे तिथे जात राहिलो. हॉस्पिटलात त्यांची मुलं खाटेपाशी अवघडून उभी असायची. इथे तासन् तास बाकावर पसरून बसायची. आईंनी आम्हाला कधी काही विचारलं नाही. नुसत्या बघत असायच्या.

परवाच्या रविवारी हे ठरवूनच गेले होते. आईंचा पाय आता बरा आहे, त्या काठी घेऊन चालतात. काहीही करून त्यांना घरी आणायचं. भावजी खाली बसून त्यांच्या काठीचं झिजलेलं रबर बदलत होते आणि हे बाकावरून सूचना करत होते.

"उलटं बसवतोयस."

"तू गप्प बस रे दादा. काचेला हँडल तू उलटं लावलंस तेव्हा मी काही बोललो?"

"दिवसभर बोललास!"

आईंना हसू आलं. खूप वर्षांत त्यांना इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं. ह्यांना तीच संधी वाटली. "आई," हे म्हणाले, "आता तरी पटलं ना? चल घरी."

आईंनी मान हलवली. "पटलं म्हणूनच येत नाही," त्या म्हणाल्या. "मी कुणा एकाच्या घरी आले नाही, म्हणून तुम्ही दोघे बोलायला लागलात. माझ्या सासूबाईंना हे सुचलं नाही रे. त्या आपल्या सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे करत राहिल्या आणि मुलं तशीच राहिली. मला सुचलं. सुरुवातीला इथे फार जड गेलं, रात्री झोप यायची नाही. पण आता तुमच्याकडे बघते तेव्हा वाटतं, जन्मात एक काम तरी मला नीट जमलं. आता मला हलवू नका."

मी तोंड उघडलं. मला गप्प बसता येत नाही, हे सगळ्या घराला माहीत आहे. ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि हे आईंकडे वळले.

"खरं आहे आई," हे म्हणाले. "आम्ही बोलत नव्हतो. तू इथे आलीस म्हणून बोलायला लागलो."

"हो," भावजी खालूनच म्हणाले.

आईंनी दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला, आधी धाकट्याच्या आणि मग थोरल्याच्या. मी पाणी आणते म्हणून उठले. मला रडू आवरत नव्हतं, आणि ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं.