अकरा सेकंद

"मार्चमध्ये उघड्या तक्रारी चार हजार होत्या," पडद्यावरच्या आलेखावर बोट ठेवून तो म्हणाला. "आज तीनशे आहेत."

टेबलाभोवतीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याचा फोन टेबलावर पालथा ठेवलेला होता. तो तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा त्याने उचलला. मेहुणी होती.

"भावोजी, ताई गेली," ती म्हणाली. "शाळेतच. फळ्यावर लिहिता लिहिता खाली बसली."

तो बाहेर जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने पिशवी घ्यायला परत आत आला, तेव्हा आलेख अजून पडद्यावरच होता.

त्याची कंपनी लिफ्टचे प्रोग्रॅम लिहायची. दार कधी उघडायचं, किती वेळ उघडं ठेवायचं, कोणत्या मजल्यावर आधी जायचं, हे सगळं त्या प्रोग्रॅममध्ये असे. तो तिथे चोवीस वर्षं होता. वय बावन्न, आणि त्याच्या खालोखाल वयाने मोठी असलेली मुलगी तेहतीस वर्षांची. ती त्याची वरिष्ठ होती. सगळे त्याला आजोबा म्हणत.

त्या आलेखाबद्दल त्याने आदल्याच संध्याकाळी बायकोला सांगितलं होतं. ती भाजी चिरत होती.

"चार हजारांच्या तीनशे? मग लोक खूश असतील."

"तसं नाही. तीस दिवसांत कोणी हात लावला नाही की तक्रार आपोआप बंद होते. तसा प्रोग्रॅम लिहिलाय मी."

"म्हणजे सुटत नाही."

"बंद होते."

तिने सुरी थांबवली आणि हसली. "माझी पोरं अशीच गणितं सोडवतात. आलं नाही की त्यावर काट."

तीन आठवड्यांनी तो कामावर गेला आणि पहिल्याच दिवशी राजीनामा लिहून वरिष्ठ मुलीच्या टेबलावर ठेवला. तिने तो वाचला, घडी घातली.

"दुसरीकडे जाताय?"

"नाही. कशासाठी यायचं, ते कळत नाही."

"बरं. महिनाभर तरी याल ना? तो तक्रारी बंद करणारा प्रोग्रॅम तुमच्याशिवाय कोणाला समजत नाही. लिहून ठेवा कसा चालतो ते."

लिहायला उदाहरण हवं होतं, म्हणून त्याने बंद झालेली एक तक्रार उघडली. एका शिंप्याची होती. पाचव्या मजल्यावर राहणारा. बायकोचं खुब्याचं हाड मोडलं होतं, आता ती वॉकर घेऊन चालते, पण ती आत शिरायच्या आधीच लिफ्टचं दार तिच्यावर येतं. दोनदा लागलं. सात महिन्यांत ती खाली उतरलेली नाही.

हीच तक्रार पाच वेळा आली होती आणि पाचही वेळा प्रोग्रॅमने एकच उत्तर पाठवलं होतं : 'या तक्रारीवर तीस दिवसांत काही घडलेलं नाही, म्हणून ती बंद करत आहोत.' पाचव्या वेळी शिंप्याने खाली लिहिलं होतं, 'काही घडलेलं नाही हे बरोबर आहे. तेच मी सांगतोय.'

दुसऱ्या दिवशी तो त्या इमारतीत गेला. शिंप्याने दार उघडलं. लिफ्टच्या कंपनीतून आलोय, हे ऐकून शिंपी त्याच्याकडे बघतच राहिला.

"अगं, लिफ्टवाले आले!"

"खरे का?" आतून आवाज आला. "हात लावून बघा."

म्हातारी वॉकर ढकलत बाहेर आली. त्याने तिला लिफ्टपर्यंत चालायला सांगितलं आणि फोनवरचं घड्याळ लावलं. दार उघडलं. चार सेकंदांनी मिटायला लागलं तेव्हा तिच्या वॉकरचे पुढचे पाय कसेबसे उंबऱ्यावर पोचले होते. दाराच्या कडेला जो डोळा असतो, त्याला ते बारीक पाय दिसत नव्हते. त्याने मध्ये हात घालून दार अडवलं. ती पूर्ण आत शिरली तेव्हा अकरा सेकंद झाले होते.

"मी नापास?" तिने विचारलं.

"नाही. मी."

ऑफिसात कुठलाही नवा प्रोग्रॅम आधी संगणकातल्या खोट्या लिफ्टवर चालवत. त्या लिफ्टमध्ये खोटा प्रवासी चढे, आणि त्याला चढायला किती वेळ लागतो हे एका ओळीत लिहिलेलं होतं. त्याने ती ओळ शोधली. अडीच सेकंद. शेजारी लिहिणाऱ्याचं नाव होतं, त्याचंच. त्याला आठवलं. तेव्हा तो अठ्ठावीसचा होता. जेवणाच्या सुट्टीत तो स्वतःच लिफ्टमध्ये शिरला होता आणि मित्राने वेळ मोजली होती. तेव्हापासून सगळ्या इमारतींतली दारं त्याच्या पायांच्या हिशेबाने मिटत होती.

त्याने अडीच पुसून अकरा लिहिले आणि चाचण्या चालवल्या. दोनशे बारा चाचण्या लाल झाल्या, म्हणजे फसल्या.

"आजोबा, तुमचा राजीनामा आलाय ना?" वरिष्ठ मुलगी त्याच्या पडद्याकडे बघून म्हणाली.

"महिना आहे अजून."

"दार अकरा सेकंद उघडं? ऑफिसांच्या इमारतीत लोक लिफ्टला लाथा घालतील."

"सगळ्यांसाठी नाही. ज्याने बटण दोन सेकंद दाबून धरलं, त्याच्यासाठीच दार पंधरा सेकंद थांबेल. बाकीच्यांचं आहे तसंच."

ती खुर्ची ओढून बसली. "इमारतींना जाणाऱ्या पुढच्या खेपेत घालायचं तर एकही चाचणी लाल चालणार नाही. एक जरी राहिली तर मी काढून टाकेन. मग पुढची खेप सहा महिन्यांनी."

"चालेल."

म्हातारीचे आणखी सहा महिने. तो कामाला लागला. पहिल्या आठवड्यात साठ चाचण्या हिरव्या झाल्या, दुसऱ्यात एक दुरुस्त केली की दोन बिघडायच्या. एका दुपारी समोर डबा आहे हे त्याला चार वाजता दिसलं. शेजारच्या दोघांनी न विचारता चाचण्या वाटून घेतल्या. कोणीतरी कुठूनतरी वॉकर आणला आणि ऑफिसातल्या तपासणीच्या खऱ्या लिफ्टपुढे सगळे आळीपाळीने म्हाताऱ्यासारखे चालू लागले.

"एवढं वाकू नकोस, म्हातारी ताठ आहे," तो ओरडला. सगळे हसले. आपण ओरडलो हे त्याला नंतर जाणवलं.

शेवटची चाचणी मंगळवारी सकाळी हिरवी झाली. कोणीतरी टेबल बडवलं, मग सगळ्यांनीच बडवलं.

वरिष्ठ मुलगी त्याच्याजवळ आली. "तुमच्या राजीनाम्याला मी तीस दिवस हात लावलेला नाही," ती म्हणाली. "तुमच्याच नियमाने तो बंद झालाय."

त्याने चष्मा काढून पुसला. "नियम वाईट आहे," तो म्हणाला. "राजीनामा राहू दे बंद, पण तो प्रोग्रॅम मी आज काढून टाकतो."

"आलेख वर जाईल."

"जाऊ दे."

शुक्रवारी दुरुस्तीवाला शिंप्याच्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये नवा प्रोग्रॅम चढवून गेला. प्रोग्रॅम लिहिणारा तो मात्र तिथेच थांबला होता. म्हातारीने बटण दाबून धरलं. दार उघडलं. तिने वॉकर पुढे टेकला, पाऊल टाकलं, परत वॉकर टेकला. चार सेकंद गेले. सात. अकराव्या सेकंदाला ती आत होती आणि दार उघडंच होतं.

"मिटत का नाही हे? बिघडवलंत की काय?"

"तुमच्यासाठी थांबलंय."

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "चाळीस वर्षांत तुम्ही कधी थांबला नाहीत एवढं."

"आत सरक आता," शिंपी म्हणाला, पण डोळे पुसत.

खाली आल्यावर ती थेट इमारतीच्या दारापर्यंत चालत गेली. तोंडावर ऊन आलं तशी थांबली. समोरच्या दुकानातल्या बाईने तिला ओळखून हाक मारली आणि म्हातारीने वॉकरवरचा एक हात उचलून उंच हलवला. नवरा तिच्या मागे दोन्ही हात पसरून उभा होता. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

मग तिने खाली बघितलं. दारापासून रस्त्यापर्यंत तीन पायऱ्या होत्या.

"या तुमच्याकडे येतात का?"

"नाही."

"मग कोणाकडे?"

"माहीत नाही. विचारतो," तो म्हणाला, आणि गुडघ्यांवर बसला. शिंप्याने खिशातून टेप काढून त्याच्या हातात दिला. प्रत्येक पायरी साडेसहा इंचांची होती. तिथे उतार बांधायचा राहिला होता.