किरशूचा विजय

राजा इलू-पालिलच्या पदरी किदिन नावाचा लेखनिक होता. राजाने गाव जिंकलं की त्याची कीर्ती दगडावर कोरायची, हे त्याचं काम. वीस वर्षांत राजाने अठरा गावं जिंकली होती. किदिनच्या दगडांवर ती एकतीस भरत.

त्या वसंतात स्वारी निघाली ती डोंगरातल्या किरशूवर. वाटेत झाब नदी दुथडी वाहत होती. फुगवलेल्या पखाली पोटाखाली धरून सैन्य पोहायला लागलं. राजा म्हणाला, "मी सगळ्यांच्या पुढे." गेलाही, पण ऐन मध्यावर त्याची पखाल फुसकन बसली आणि चिलखतासकट महाराज प्रवाहाला लागले.

खालच्या अंगाला किरशूच्या बायका लोकर धूत होत्या. त्यांतल्या अल्लाई म्हातारीने पाण्यात हात घातला. हाताला दाढी लागली. तीच धरून तिने राजाला काठावर ओढलं, पालथं पाडलं आणि पाठीत दोन धपाटे हाणले.

किदिन धापा टाकत पोचला, तेव्हा राजा घोंगडी पांघरून जवाची भाकरी आणि कांदा खात बसला होता.

"एवढ्या पाण्यातून कुठं निघाला होतास, बाबा?" म्हातारीने विचारलं.

"किरशू जिंकायला."

"हेच की किरशू. आधी खाऊन घे."

राजाची मान खाली गेली. जिने जीव वाचवला, जिचं मीठ पोटात गेलं, तिचं घर जाळायचं कसं? आणि हात हलवत परतावं, तर राजधानीत छी-थू. शेवटी त्याने किदिनला बाजूला घेतलं.

"गाव राहू दे. विजय तेवढा कोर."

किदिनने घाटातल्या कड्यावर पाच दिवस छिन्नी चालवली. 'मी इलू-पालिल. गरुडासारखी नदी ओलांडली. किरशू जाळलं, राख वाऱ्यावर उधळली, एक शेळीही मागे ठेवली नाही.'

अल्लाई त्याला रोज ताक आणून द्यायची. शेवटच्या दिवशी तिने विचारलं, "काय लिहिलंस रे?"

किदिनला खोटं बोलवेना. त्याने वाचून दाखवलं.

"बरं लिहितोस," ती म्हणाली. "दाढीचं गाळलंस ते?"

"दगड पुरला नाही, आई."

पुढच्या साली तिची सून राजधानीत आली. चीजचा गोळा किदिनपुढे ठेवून म्हणाली, "उत्तरेचा राजा फौज घेऊन आला होता. कड्यावरचं वाचलं त्यानं. जळून गेलेल्या गावात काय लुटायचं, म्हणून घाटातूनच परतला. सासूबाईंनी निरोप दिलाय, पश्चिमेकडूनही एक वाट येते. तिकडूनही आम्हाला एकदा जाळून टाका."

किदिनने ते राजाच्या कानावर घातलं. राजाने दाढीवरून हात फिरवला.

"जा," तो म्हणाला. "मी येत नाही. पण नाव माझंच घाल."