वीतभर उंचीवरची हवा

मुलांनो, जरा जमिनीवर बसा पाहू. नुसतं बसू नका, वाका. हनुवटी गुडघ्यांना टेकवा. आता समजा, तुमच्याखाली भाताच्या तुसाची जाड गादी आहे, भोवती दीड हजार कोंबड्या आहेत आणि सगळे पडदे बंद आहेत. बसलात? मग एक श्वास घ्या आणि ऐका.

अशीच एक लांबट शेड होती. दोन्ही बाजूंना गुडघाभर भिंत, वर जाळी, जाळीवर पडदे. शेडच्या मालकाची मुलगी नऊ वर्षांची. नाक बसकं, म्हणून आत्या तिला नकटी म्हणायची, मग सगळेच म्हणायला लागले. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि आत्याबरोबर अंडी गोळा करायची, हे तिचं काम.

त्या वर्षी थंडी कडाक्याची पडली. कोंबडी गारठली की जास्त खाते, पण ते सगळं अंग उबदार ठेवण्यातच संपतं. अंड्याच्या वाट्याला काही उरत नाही. खाद्याची पोती भराभर रिकामी होत होती, अंड्यांचे ट्रे मात्र वाढत नव्हते. बाबाने त्याच रिकाम्या पोत्यांचे दुहेरी पडदे शिवले. पंधरा दिवस तो दाभण घेऊन बसला. बोटांची पार चाळण झाली. मग त्याने पडदे खालपासून वरपर्यंत घट्ट बांधले, फटींत चिंध्या कोंबल्या. शेड उबदार झाली, खाद्य कमी लागायला लागलं. कित्येक दिवसांनी बाबा शीळ घालत जेवायला आला.

"बाबा, आत वास येतो. डोळे चुरचुरतात," नकटी म्हणाली.

"घ्या," आत्या हसली. "एवढंसं नाक आणि तोरा केवढा. आम्ही दिवसभर आत असतो, आम्हाला नाही येत तो."

"उद्या बाईसाहेबांसाठी अत्तर शिंपडू," बाबा म्हणाला.

दोघं हसले. नकटीही हसली.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ती दोघं खोटं बोलत नव्हती. माणूस रोज एकाच हवेत वावरला की नाकाला तिची सवय होते; वास असतो, पण कळत नाही. विष्ठेने आणि सांडलेल्या पाण्याने गादी ओली झाली होती. तिच्यातून अमोनिया निघत होता, आणि तो खाली, कोंबड्यांच्या नाकाशीच जास्त होता. बाबा उंच होता. नकटी अंडी काढायला उकिडवी बसायची, तीही बाहेरच्या मोकळ्या हवेतून येऊन.

तिसऱ्या आठवड्यात ट्रे अर्धे राहायला लागले. कोंबड्या डोळे मिटून बसायच्या, मान ताणून श्वास घ्यायच्या. एके दिवशी नकटी शाळेतून आली तेव्हा बाबा शेडच्या दाराशीच उभा होता. हातात दोन मेलेल्या कोंबड्या. या वेळी त्याने थट्टा केली नाही.

"नकटे, आत जाऊन बघ. वास येतो का गं अजून?"

ती आत गेली, उकिडवी बसली. डोळे भरून आले. समोर बाबाचे टाके होते, एकाखाली एक, वेडेवाकडे, मधेच एखादा रक्ताचा वाळलेला ठिपका. बाबा दारातून तिच्या तोंडाकडे बघत होता.

"नाही, बाबा. आता नाही येत."

"नक्की?"

"नक्की."

बाबाने मोठा श्वास सोडला. "मग थंडीच असणार," असं म्हणून त्याने पडद्यांवर आणखी एक थर चढवला.

आठ दिवसांनी जनावरांचे डॉक्टर आले. आत शिरल्या शिरल्या ते खाली बसले आणि लगेच डोळे पुसत बाहेर आले.

"अहो, वरून हातभर जागा उघडी ठेवायची असते. ऊबही राहते आणि घाण हवाही जाते. बाहेरून येणाऱ्या कुणालाच वास आला नाही?"

"हिला आला होता," बाबा म्हणाला. "आम्हीच हसण्यावारी नेलं. पण नंतर तो गेला."

"तो असा आपोआप जात नसतो."

बाबाने नकटीकडे एकदा पाहिलं. मग तो पडद्यांच्या गाठी सोडायला गेला.

पडदे उघडले, गादी बदलली, पण कोंबड्यांची छाती भरली ती भरलीच. अंडी खाद्याच्या खर्चालाही पुरेनात. शेवटी व्यापारी आला आणि सगळ्या कोंबड्या वजनावर घेऊन गेला. नवी पिल्लं आणायला हातात काही उरलं नाही. बाबाने लांबच्या एका मोठ्या शेडवर नोकरी धरली. वर्षभर तरी घरी येणं नव्हतं.

निघताना त्याने नकटीच्या डोक्यावर हात ठेवला. "आत्याला त्रास देऊ नकोस," एवढंच म्हणाला आणि बॅग उचलून बसथांब्याकडे चालायला लागला.

नकटी रिकाम्या शेडमध्ये गेली. नेहमीच्या जागी उकिडवी बसली. वाऱ्याने पडदे हलत होते. वास कुठेच नव्हता, तरी तिचे डोळे वाहत होते.

मग ती उठली आणि पायात चपलाही न घालता थांब्याकडे पळाली. बस अजून यायची होती. तिने दोन्ही हातांनी बाबाची बॅग धरली.

"बाबा, येत होता वास," ती म्हणाली. "त्या दिवशी मी खोटं बोलले."