गरीब गायीचं चॅनल

रविवारी सकाळपासून आवरीला एका जागी बसवत नव्हतं. वाळलेले कपडे तिने घडी करून कपाटात ठेवले, पुन्हा काढले, पुन्हा घड्या घातल्या. आई म्हणाली, "अगं, त्या कपड्यांनी काय घोडं मारलंय तुझं?" तेव्हा कुठे तिने कपाट लावलं आणि फाटकापर्यंत एक चक्कर मारून आली.

तिचं खरं नाव आता घरातही कोणी घेत नाही. दिसेल ते आवरायची सवय लहानपणापासूनची. दादा चप्पल काढून पाणी प्यायला आत गेला की परत येईपर्यंत चप्पल कपाटात. हे नाव दादानेच ठेवलं आणि असं चिकटलं की ऑफिसातले मेकॅनिकही पाठीमागे आवरीच म्हणायचे, तोंडावर ताई. ऑफिस म्हणजे लिफ्टची देखभाल करणारी कंपनी. दादा तिथला जुना मेकॅनिक. आवरी मागाहून लागली, आणि आता कंपनीच्या चॅट ॲपची ॲडमिन होती.

त्या चॅटवर प्रत्येक लिफ्टचं एक वेगळं चॅनल होतं. चॅनलांना नावं मेकॅनिकांनी ठेवलेली, त्यामुळे ती जशी असायला हवीत तशीच होती: रडकी, म्हातारी, राणी, भांडखोर. आणि एक गरीब गाय. ही दादाची लाडकी. कधी अडली नाही, कधी कुरकुरली नाही. लिफ्ट बिघडली की मेकॅनिक तिच्या चॅनलवर लिहायचा, काय मोडलं, काय बदललं, पुढच्या वेळी काय बघायचं.

शुक्रवारी आवरीने या चॅनलांवर झाडू फिरवला. कल्पना तिचीच. तीन महिन्यांत जिथे कोणी एक अक्षर लिहिलं नाही ती सगळी चॅनलं अर्काइव्ह करायची, म्हणजे पुसायची नाहीत, नुसती माळ्यावर टाकायची. एका फटक्यात अर्ध्याहून जास्त चॅनलं माळ्यावर गेली आणि पडदा कसा लख्ख झाला. साहेबांनी "वा" म्हटलं. साहेब वा म्हणणाऱ्यांतले नाहीत, त्यामुळे आवरीबाई घरी आल्या त्या जमिनीपासून चार बोटं वरूनच.

शनिवारी रात्री जेवताना दादाने विषय काढला.

"माझ्या चांगल्या चांगल्या लिफ्टांची चॅनलं कुठे गेली गं? रडकी आहे जागच्या जागी, आणि गरीब गाय गायब."

"तीन महिने तिथे कोणी काही लिहिलं नाही, दादा."

"लिफ्ट नीट चालतेय तर लिहायचं काय? आज पण वर गेली, आज पण खाली आली?"

वहिनी हसली. आवरीला ते झोंबलं. "मग चॅनल हवं कशाला?" ती म्हणाली.

"तुला लिफ्टमधलं ओ की ठो कळत नाही. तू आपली झाडू मारायला बसलीयस तिथे."

"आणि तुझा पसारा मोठा, म्हणून तुला झाडू बघवत नाही."

बास. दादा भरल्या ताटावरून उठला. आईने आवरीकडे बघितलं, आवरीने भिंतीकडे. सकाळी तो हत्यारांची पिशवी खांद्याला लावून निघाला, रविवार असूनही. दारातून म्हणाला, "चॅनलं बंद केलीस ना? मग मीच दारोदार जाऊन विचारून येतो त्यांना, बऱ्या आहात का म्हणून." वहिनीला सांगितलं, जेवायला येतो. आवरीला काही सांगितलं नाही.

जेवायची वेळ झाली, टळली. फोन लावला की तीच बाई तेच वाक्य म्हणायची, संपर्क होऊ शकत नाही. वहिनीने ताट झाकून ठेवलं आणि खुशाल पुस्तक घेऊन बसली.

"वहिनी, तुला काळजी वाटत नाही?"

"यांचं नेहमीचंच आहे. राग आला की फोन बंद. मागे पंख्यावरून भांडले तेव्हा मित्राकडे जाऊन झोपले होते संध्याकाळपर्यंत. येतील चहाला."

"तूही काही कमी बोलली नाहीस," आई आतून म्हणाली.

म्हणजे सगळं खापर आवरीच्याच डोक्यावर. बरं, तिला ते खोटं वाटत होतं असंही नाही. तिने फोनवर 'सॉरी' लिहिलं आणि खोडलं. मी का सॉरी म्हणू? साहेबांनी वा म्हटलंय. मग 'जेवायला ये' असं लिहून पाठवलं, तर ते पोचेचना. रुसावं माणसाने, पण काही ताळतंत्र? येऊ दे, आपणही बोलायचं नाही, असं तिने ठरवलं आणि लगेच पुन्हा फाटकापर्यंत जाऊन आली.

त्यात तिची ड्यूटी होती. लिफ्टमध्ये कोणी अडकलं आणि आतलं लाल बटण दाबलं, की सुट्टीच्या दिवशी अलार्म ड्यूटीवाल्याच्या फोनवर वाजतो. एरवी रविवारी तीन-चार तरी वाजायचेच, निम्मे पोरांच्या चाळ्यांमुळे. आज एकच वाजला, तोही रडकीचा, आणि तो तिने लंबूला पाठवून मिटवला. लंबू म्हणजे दादाच्या हाताखाली तयार झालेला मेकॅनिक, दारातून वाकून जाणारा. बाकी दिवस शांत. एका परीने बरंच, असं तिला वाटलं. दादाच्या रागाला तोंड द्यायचं, की लिफ्टच्या?

उन्हं कलायला लागली तेव्हा फोन वाजला. दादा असेल म्हणून ती धावली. एका इमारतीचा पहारेकरी होता.

"बाई, तुमचं ते लाल बटण चालत नाही का? आमच्याकडे दोन पोरं अर्धा तास अडकली होती. बटण दाबून दाबून रडायला आली. शेवटी आम्हीच वरून चाक फिरवून काढली."

"कुठली लिफ्ट?" तिने विचारलं. त्याने इमारत सांगितली. म्हणजे राणी.

"पण अलार्म आलाच नाही," ती म्हणाली.

"पोरं खोटं बोलतात का?" तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

आवरी तिथेच उभी राहिली. रडकीचा अलार्म येतो आणि राणीचा येत नाही. रडकीचं चॅनल चालू आहे. राणीचं माळ्यावर आहे. अलार्म फोनवर वाजतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो कुठल्या वाटेने येतो हे कोणी कधी विचारलं नव्हतं, तिनेही नाही. ही जोडणी आधीच्या ॲडमिनने केली होती, आणि तो नोकरी सोडून गेला त्याला जमाना झाला. आता उमगलं: अलार्म आधी लिफ्टच्या चॅनलवर पडत होता, आणि चॅनल तो फोनवर ढकलत होतं. चॅनल बंद, तर अलार्मला दारच नाही.

जी लिफ्ट बिघडत नाही तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही. म्हणजे तिने निवडून निवडून चांगल्या लिफ्टांचीच तोंडं बंद केली होती. आणि त्याच लिफ्टांना भेटायला दादा सकाळी निघाला होता.

"वहिनी," ती म्हणाली, "दादा रुसलेला नाहीये."

वहिनीने पुस्तक मिटलं. आवरीने लॅपटॉप उघडला आणि जमेल तसं सांगितलं. अर्धवटच सांगितलं, पण वहिनीचा चेहरा पांढरा पडायला तेवढं पुरलं.

अर्काइव्ह करताना सगळी एका फटक्यात जात होती. परत आणताना मात्र एकेक. चॅनल निवडा, 'पूर्ववत करा' दाबा, ॲप विचारणार नक्की का, हो म्हणा, चाक गोल गोल फिरत बसणार, मग पुढचं. माणसाला घाईत पकडायचं आणि नक्की का विचारायचं, असली अक्कल कोणाच्या डोक्यातून निघते देव जाणे. घाईत तिने एक चालू चॅनलच बंद केलं, मग ते परत उघडलं.

"आधी गरीब गाय उघड," वहिनी म्हणाली. तिला लिफ्टची नावं तोंडपाठ होती. रोज जेवताना ऐकायची. "यांचा जीव तिच्यात."

गरीब गाय यादीत सापडायला दोन वेळा वरखाली करावं लागलं. पूर्ववत करा. नक्की का. हो. चॅनल उघडलं. नवं एक अक्षर नव्हतं. शेवटचा म्हणून दादाचाच जुना मेसेज होता: तेल दिलं, ठीक आहे.

"काही नाही," वहिनी म्हणाली आणि तिने श्वास सोडला.

"थांब." प्रत्येक लिफ्टच्या टपावर एक डबा असतो, बॅटरीवरचा. अलार्म पोचला नाही की तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पाठवून बघतो. तो पुन्हा पाठवेपर्यंत काही कळणार नव्हतं. आवरीने तोवर म्हातारी उघडली, भांडखोर उघडली. आई मधल्या दारात येऊन उभी होती. आवरीचा एक डोळा घड्याळावर, एक पडद्यावर, आणि पाय खाली सारखा हलत होता.

फोन वाजला. एकदा वाजला आणि मग थांबेचना. गरीब गाय, अलार्म. गरीब गाय, अलार्म. एकाखाली एक लाल ओळी पडत गेल्या, पडदा भरला, वर सरकला, पुन्हा भरला. पहिल्या सकाळच्या, दादा घरातून निघाल्यानंतरच्या थोड्याच वेळातल्या. आधी एकाला लागून एक, माणूस रागाने दाबतो तशा. मग जरा थांबून थांबून. मग बऱ्याच वेळाने एखादी. दुपारी एकच, आणि ती शेवटची. त्यानंतर काही नाही.

"बंद का झाल्या?" वहिनीने विचारलं. "आवरी, बंद का झाल्या त्या?"

आवरीने लंबूला फोन लावला, गरीब गायीच्या इमारतीवर ये, असशील तसा ये म्हणाली. दोघी टॅक्सीत बसल्या. लॅपटॉप मांडीवर घेऊन आवरी वाटभर उरलेली चॅनलं उघडत होती, कारण दुसऱ्या कुणाचा तरी दादा दुसऱ्या कुठल्या लिफ्टमध्ये असू शकत होता. नक्की का, हो. नक्की का, हो. शेजारी वहिनी रुमालाचं टोक पिळत होती आणि प्रत्येक सिग्नलला ड्रायव्हरला म्हणत होती, "जरा लवकर हो दादा." हा शब्द निघाला की दोघी गप्प व्हायच्या.

इमारत ऑफिसांची. सुट्टीमुळे चिटपाखरू नाही. इथला पहारेकरी दुपारी घरी जेवायला गेला तो तिकडेच पसरला होता, आणि सकाळी सगळी इमारत रिकामी आहे असं धरून त्याने मेन स्विच खाली ओढला होता. नेहमी सुट्टीला ओढायचा. लिफ्टमध्ये कोणी असेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नसणार. लंबू त्याला फोन करून, शिव्या घालून किल्ल्या घेऊन आधीच पोचला होता. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेली, समोर नुसती भिंत. टपावरची झडप बाहेरून बंद, आणि हत्यारांची पिशवी वर मशीनच्या खोलीत. दादाला आतून काही करता येणं शक्यच नव्हतं. फोनला रेंज नाही.

"दादा," आवरीने दाराला तोंड लावून हाक मारली. उत्तर आलं नाही. तिने पुन्हा मारली, जोरात. वहिनी दोन्ही मुठींनी दार बडवायला लागली.

"आहे," आतून आवाज आला. बसलेला, कोरडा. "आहे मी. ओरडू नकोस."

वहिनी तोंडात पदर कोंबून रडायला लागली. लंबू वर धावला. हाताने चाक फिरवून त्याने लिफ्ट इंच इंच खाली घेतली आणि दार उघडलं. दादा कोपऱ्यात पाय पसरून बसला होता, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. उठताना त्याचा पाय मुडपला, तर आवरीने आधार दिला. त्याने तो घेतला, पण तिच्याकडे बघितलं नाही. वहिनीने बाटली पुढे केली, ती त्याने एका दमात संपवली.

आवरी वाटभर उत्तरं जुळवत आली होती. तीन महिन्यांचा नियम होता. साहेबांनी होकार दिला होता. जोडणी माझी नव्हती, तुलाही ठाऊक नव्हतं. सगळी ओळीने तयार होती.

"दुपारनंतर बटण का नाही दाबलंस?" तिने विचारलं. "आमचा इथे जीव गेला."

दादाने तोंड पुसलं. "ड्यूटी तुझी होती ना," तो म्हणाला. "मला वाटलं, तुझ्या फोनवर वाजतंय. तुला दिसतंय, आणि तू येत नाहीयेस."

आवरीने त्याच्या हातातली रिकामी बाटली घेतली.

"मग म्हटलं, राग उतरू दे तिचा. कशाला सारखं दाबायचं," दादा म्हणाला. "आत बसून दिवसभर एवढंच आठवत होतो, की मी तुला असं काय लागेलसं बोललो."

"मला वाजलंच नाही रे," ती म्हणाली. "दादा, खरंच वाजलं नाही. मीच बंद करून ठेवलं होतं."

तेव्हा त्याने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "नव्हतं वाजलं?" त्याने विचारलं, आणि तिने मान हलवल्यावरही, खात्री करायची म्हणून, पुन्हा एकदा विचारलं.