भाऊंचं बोट

आमच्या घरी रोज साडेआठला टीव्हीवर ‘भोंपू’ लागायचा आणि तो लावायचे भाऊ. भाऊ म्हणजे माझ्या बाबांचे काका, कृष्णराव. वय शहाऐंशी. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतात. इथे मध्य प्रदेशात, अर्ध्या देवासचे कोट त्यांनी शिवलेत, आणि अजूनही समोरच्या खोलीत मशीनवर बसून काहीतरी शिवत असतात.

‘भोंपू’मधे राजवीर नावाचा एक जण हातात भोंपू घेऊन नेत्यांची खेचायचा. कोण कुठून कुठे पळाला, कोण उद्घाटनाची रिबन कापून गेला आणि पूल कुठेच नाही, असलं सगळं. भाऊ हसून हसून खोकायचे. आणि चुनाव आला की तेच भाऊ काळा कोट ट्रंकेतून काढून उन्हात टाकायचे. मी एकदा म्हटलं, रोज ह्यांच्यावर हसता आणि मग ह्यांनाच मत देता? तर म्हणाले, मत देतो म्हणून हसतो, फुकट नाही हसत. मला ते तेव्हा फालतू वाटलं.

मला तेव्हा सगळंच फालतू वाटायचं. अकरावीत सरांनी सगळ्या क्लाससमोर माझ्या मराठी वळणाच्या हिंदीची नक्कल केली, पोरं हसली, आणि मी डस्टर फेकून मारला. सरांच्या कपाळावर बसला. माफी मागितली असती तर शाळेत ठेवणार होते. नाही मागितली. तेव्हापासून घरीच होते. चक्कीवर दळण न्यायचं, आईची बोलणी खायची आणि मोबाइल बघायचा.

विधानसभेच्या वेळी शिखा मॅडम आल्या, आमच्या भागाच्या मतदार यादीचं काम त्याच बघतात. म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसांचं मत आता घरी येऊन घेतात. भाऊ तयार नव्हते, त्यांना लाइनीत उभं राहायचं होतं. पण गुडघे नाही म्हणत होते.

त्या दिवशी भाऊ सकाळी सातपासून कोट घालून बसले. माणसं आली साडेअकराला. दोन अधिकारी, एक पोलीस, आणि एक कॅमेऱ्यावाला पोरगा, तो दाराशी उभा राहिला. आईने पोहे केले होते, ते म्हणाले आम्हाला चालत नाही. भाऊंना ते जरा लागलं. मग त्यांनी पुठ्ठ्याचा आडोसा भाऊंच्या शिलाई मशीनवरच उभा केला. भाऊंनी आत वाकून खूण केली, कागद लिफाफ्यात, तो लिफाफा दुसऱ्या लिफाफ्यात, आणि तो पेटीत. झालं.

भाऊंचं नव्हतं झालं. त्यांनी डाव्या हाताचं बोट पुढे केलं आणि तसेच उभे राहिले. अधिकारी कागद भरत होता. मग त्याने वर बघितलं आणि म्हणाला, बाबूजी, इसमें स्याही नहीं लगती.

“फिर पता कैसे चलेगा कि मैंने दिया?” भाऊ म्हणाले. बोट काही मागे घेतलं नाही.

मी आतल्या खोलीच्या पडद्यामागे होते. मोबाइल ठेव म्हणून मला आधीच सांगितलं होतं. मी ठेवला होता आणि परत काढला होता. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ.

‘भोंपू’वाले बघणाऱ्यांकडून व्हिडिओ मागायचे. मी पाठवला. का, ते खूप वेळा स्वतःला विचारलंय. हसू आलं होतं, बस. आणि वाटलं की राजवीर टीव्हीवर माझं नाव घेईल.

नाव नाही घेतलं. चौथ्या दिवशी व्हिडिओ दाखवला. राजवीर भोंपू तोंडाला लावून म्हणाला, दादाजी, उँगली अंदर कर लो, स्याही वोट देने वाले को नहीं, लेने वाले को लगाओ, मुँह पे, ताकि भागे तो पहचान में आए. हे खरंच भारी होतं. पण मग त्यांनी बँडची धून लावली आणि तेवढाच तुकडा पुढे-मागे फिरवला. बोट पुढे, बोट मागे, पुढे, मागे. भाऊ धून ऐकूनच हसायला लागले होते. मग त्यांना कोट ओळखू आला. आईने घाईत रिमोट दाबला तर आवाज कमी व्हायचा सोडून वाढला.

दुसऱ्या दिवशी शेजारचा विहंग, आठ वर्षांचा टिल्लू, भाऊंना बघून बोट पुढे करून उभा राहिला. मग गल्लीतली सगळी पोरं. मग पानाच्या दुकानावरची मोठी माणसंसुद्धा. भाऊ, स्याही लगवा लो भिया. भाऊंनी दुकानावर जाणं सोडलं.

जेवताना बाबा तापले होते, कोणी केलं हे, कम्प्लेंट करतो. भाऊ म्हणाले, तो कॅमेऱ्यावाला पोरगा असेल, जाऊ दे. मग थोड्या वेळाने म्हणाले, सरकारी माणूस असं करतो, तर त्या लिफाफ्याचं काय केलं असेल कोण जाणे. बाबा तर नेहमीच म्हणतात, कोणालाही द्या, काय फरक पडतो. त्या दिवशी भाऊंनी पहिल्यांदा त्यावर हो म्हणून मान हलवली. मी खाली बघून वरण ओरपत राहिले.

आमच्याकडे ‘भोंपू’ लावणं बंद झालं. साडेआठला भाऊ भिंतीकडे तोंड करून पडायचे.

जानेवारीत मी अठराची झाले. लोकसभेच्या आधी शिखा मॅडम माझी मतदानाची पर्ची द्यायला आणि भाऊंचा घरून मत द्यायचा फॉर्म भरून घ्यायला आल्या. दार भाऊंनीच उघडलं.

“कृष्णराव घर में नहीं हैं,” ते म्हणाले.

मॅडम हसल्या, मग हसणं थांबलं त्यांचं. भाऊंनी सांगितलं, तुमच्या माणसाने माझं काय केलं ते सगळ्या शहराने बघितलंय, आता मला नाही द्यायचं. मॅडम शपथ घेऊन सांगत होत्या की आमचं रेकॉर्डिंग बाहेर जातच नाही. मी तिथेच डाळ निवडत बसले होते. एक वाक्य बोलायचं होतं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. भाऊंनीही बघितलं. मी एक खडा बोटाने बाजूला केला, मग दुसरा. मॅडम फॉर्म परत घेऊन गेल्या.

मतदानाच्या दिवशी मे महिन्याचं ऊन. बाबा ड्यूटीवर, आई मत देऊन शेजारच्यांकडे जाऊन बसलेली. मी जाणारच नव्हते, सगळे एकसारखे म्हणून सांगून मोकळी झाले होते. चार वाजता लाइट गेली. पंखा बंद, घरात फक्त भाऊंच्या मशीनचा आवाज. मला तो सहन झाला नाही.

“भाऊ, तो व्हिडिओ मी पाठवला होता.”

त्यांचे पाय थांबले नाहीत. टीप पूर्ण केली, दोरा दाताने तोडला.

“माहीत आहे. कडेला पडदा दिसत होता. निळ्या काठाचा. शिवला मीच आहे, ओळखणार नाही का? आणि कॅमेऱ्यावाला तर दाराशी होता.”

म्हणजे पहिल्याच दिवशी. मी विचारलं, मग त्याचं नाव का घेतलं? म्हणाले, तुझ्या बाबाने तुला मारलं असतं. आणि मग हळू म्हणाले, मॅडम आल्या तेव्हा वाटलं, बोलशील.

माझं डोकं फिरलं. मी त्यांच्यावरच ओरडले, की तुम्ही मला झापायचं होतं, दोन ठेवून द्यायच्या होत्या, असं गप्प बसतं का कोणी. मग मी म्हटलं, चला, अजून दोन तास आहेत, गाडीवर नेते, लाइनीतही उभं राहू देणार नाही.

भाऊ उठले, ट्रंक उघडली. मला वाटलं, कोट काढतायत. त्यांनी माझी पर्ची काढली. मी टाकून दिली होती, ती त्यांनी उचलून ठेवली होती.

“तू जा,” ते म्हणाले. “मला आता तिथे बोट पुढे करवत नाही.”

मी गेले. लाइन नव्हतीच. एका बाईने माझं नाव वाचलं, दुसरीने शाईची काडी उचलली आणि माझ्याकडे बघत राहिली, कारण मी हात खालीच ठेवला होता. बेटा, उँगली, ती म्हणाली. दोनदा सांगावं लागलं तिला.

घरी आले तर लाइट आलेली होती. भाऊंनी चष्मा लावला, माझं बोट धरून उजेडात नेलं आणि कापड बघतात तसं उलटसुलट करून बघितलं.

“रेघ वाकडी मारली,” ते म्हणाले, आणि माझा हात सोडून परत मशीनवर बसले.