मनुरेवात अकोल्याची वेळ

मी एक जुनी खिडकी आहे. भिंतीतली नव्हे मित्रांनो, संगणकाच्या पडद्यावरची, सेटिंग्जची. माझ्यातून वारा येत नाही, ऊन येत नाही. पण संगणक कोण वापरतं, डिस्क किती भरली, प्रिंटर कुठला, घड्याळ कोणत्या गावचं, हा सगळा संसार माझ्या बटणांत मांडलेला असतो.

मला घडवणारे हात देशोदेशी विखुरलेले. कुणी बटणं जोडली, कुणी चित्रं काढली, आणि कुण्या मराठी माणसाने माझ्या कपाळी ‘तारीख आणि वेळ’ असं लिहिलं. ऑकलंड शहरातल्या पेनरोज भागातल्या गोदामातला एक टाकाऊ संगणक भानुदासने त्याच शहरात, मनुरेवातल्या आपल्या घरी आणला, तेव्हा त्याच्यासोबत मीही आले. साल होतं दोन हजार सहा.

भानुदासला काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची भारी हौस. त्याची बायको नंदा मात्र माझी मैत्रीण. पहिल्याच दिवशी तिने माझ्या यादीतून भारताची वेळ निवडली; यादीत ती कोलकात्याच्या नावाने असते. अकोल्याला सासूबाई, म्हणजे तिच्या आत्याबाई, उठल्या असतील का, जेवल्या असतील का, हे तिला भाकरी थापता थापता मान वळवून कळायला हवं होतं. मग वर्षभर मला कुणी उघडलं नाही. काम नीट चाललं की आमची आठवण कुणाला?

आणि तो रविवार उजाडला! त्यांची लेक निशा सकाळी दहा वाजता इथल्या रेडिओवर आजीची ओवी गाणार होती. निशाला मराठी कळायचं सगळं, पण उत्तर यायचं इंग्रजीत. आजीला तर नातीचा मराठी सूर ऐकायचाच होता. कार्यक्रम थेट, पुन्हा लागणार नव्हता. सगळे स्टुडिओत जाणार, म्हणून भानुदासने रेडिओची तार संगणकाला जोडली आणि दहाला आपोआप रेकॉर्डिंग सुरू होईल अशी सोय केली.

निघताना नंदाने सवयीने पडद्याकडे पाहिलं. तिथे मध्यरात्र उलटलेली. आत्याबाई अजून झोपेत असतील, असं पुटपुटत ती चप्पल घालू लागली आणि थबकली.

“अहो, थांबा. याचं घड्याळ अकोल्याचं आहे. आत्याबाई झोपल्यात, म्हणजे हे रेकॉर्डिंगही झोपूनच राहणार.”

भानुदास धावत आला. घाईत त्याने काळा पडदा उघडला, तर आज्ञाच आठवेना. दारातून निशा ओरडली, “मम, वी आर हीप्स लेट!” म्हणजे फारच उशीर झाला होता.

“तुमची ती काळी पाटी राहू द्या,” नंदा म्हणाली. “हिला उघडा.”

हिला म्हणजे मला! माझी सगळी चित्रं कशी लखलखली म्हणून सांगू! मी रीतीप्रमाणे आधी पासवर्ड विचारला. तिने टाइप केला, चुकला. पुन्हा टाइप केला. दार उघडलं! नंदाचं बोट यादीवरून कोलकात्यापासून ऑकलंडपर्यंत धावलं, आणि मध्यरात्रीची एकदम लख्ख सकाळ झाली.

गाडी गेली. घर रिकामं. दहाच्या ठोक्याला रेकॉर्डिंग जागं झालं आणि तारेतून निशाचा सूर आत आला:

*सातासमुद्रापल्याड दीस उगवतो आधी,*
*नात माझी जागी व्हते, मी गं अंधाराच्या मंधी.*

अकोल्याला उजाडल्यावर नंदाने फोन स्पीकरपाशी धरला. आजीने शेवटपर्यंत ऐकलं. ओवी आपलीच, पण पोरीने गोड केली, म्हणाली. मग निशाने फोन ओढून घेतला. ती इंग्रजीत काही बोलेल म्हणून सगळे थांबले.

“आजी,” ती अडखळत म्हणाली, “तिकडे उजाडलं का गं?”

आता या घरात नवा संगणक आला आहे. जुना टेबलाखाली असतो, पण त्या गाण्यासाठी तो अजून सुरू होतो. त्याच्या पडद्यावर आता दोन घड्याळं आहेत, एक इथलं, एक आजीचं. दुसरं नंदाने माझ्याकडूनच लावून घेतलं. मित्रांनो, अडल्यावर तर सगळेच आम्हाला उघडतात. कधी सहज, काही अडलेलं नसतानाही उघडून बघा. आणि दूरच्या माणसाची वेळ जपायची असेल, तर त्याच्यासाठी आपल्याकडे वेगळं घड्याळ ठेवा.